कालचा दिवस लिहून द्या

जिन्याच्या मधल्या लँडिंगवर एक मुलगी डबा खात बसली होती. दुपारचा पाऊण वाजला असेल. खाली पेपर अंथरलेला, त्यावर कडक भाकरी, शेंगाची चटणी, डब्याच्या झाकणात थोडं दही, आणि वरून किंवा खालून कोणी आलं की ती पाय आखडून घ्यायची, डबा भिंतीकडे सरकवायची, माणूस गेला की परत पाय सोडायची. मी वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, दोन्ही वेळा ती उठायला लागली, मी म्हटलं अगं बस की, जेवताना कशाला उठतेस. जेवण झाल्यावर तिने बाटलीतलं थोडं पाणी हातावर घेतलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून धुतले. नळ खालच्या मजल्यावर, तोही टॉयलेटच्या आत, आणि जेवलेले हात तिथं जाऊन धुवायला तिला कसंतरी व्हायचं, हे तिनेच नंतर सांगितलं.

असं जिन्यात जेवणाऱ्या मुली मी किती वर्षं बघत आलेय, पण कधी थांबले नव्हते. त्या दिवशी थांबले कारण माझ्या हातात नवीन इमारतीसाठी मुलांकडून भरून घेतलेल्या फॉर्मच्या प्रिंट होत्या, आणि त्यात मीच घातलेला प्रश्न होता, नवीन इमारतीत कॅन्टीन हवे का, होय किंवा नाही. या मुलीने ‘नाही’वर टिक केलेली. मी विचारलं का गं नाही म्हणालीस, तर म्हणाली, मॅडम, कॅन्टीनमध्ये घेतल्याशिवाय बसू देत नाहीत, मला फक्त डबा खायला जागा पाहिजे.

माझ्या फॉर्ममध्ये हे उत्तर लिहायला जागाच नव्हती.

थोडं मागचं सांगते. मी सोलापुरात पदव्युत्तर वर्गाला भूगोल शिकवते, २२ वर्षं झाली. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, कारण हे कुठल्याही विद्यापीठात कुठल्याही विभागात घडू शकतं. आमचा विभाग सुरुवातीपासून दुसऱ्यांच्या इमारतीत आहे, दोन वर्ग, एक नकाशांची खोली, स्टाफसाठी एक लांबट खोली, बाकी सगळं उधारीचं. एक दिवस बातमी आली की स्वतंत्र इमारतीसाठी निधी मंजूर झाला. पेढे वाटले, फोटो झाले. सोबतच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, आराखडा करताना विद्यार्थ्यांची मते विचारात घ्यावीत. एचओडी सर म्हणाले मॅडम हे तुम्हीच बघा, आणि मी आनंदाने घेतलं. मोबाईलवर फॉर्म केला, १४ प्रश्न, ग्रुपवर टाकला, दोन दिवसांत भरून आला.

उत्तरं तुम्ही न बघताही सांगू शकाल. एसी, लिफ्ट, वायफाय, स्मार्ट बोर्ड, जिम, गार्डन, सेल्फी पॉइंट. मीटिंगमध्ये ती यादी वाचली तेव्हा सगळे हसले, एक जण म्हणाले बघा, यांना मॉल पाहिजे. मला ते हसणं फार लागलं. मुलांचं काहीच चुकलेलं नव्हतं. ‘काय हवं’ असं मोघम विचारलं की माणूस त्याने फोटोत बघितलेलं सांगतो, दुसरं काय सांगणार. ज्या पोराने आयुष्यात पत्र्याच्या वर्गात आणि गळक्या हॉस्टेलमध्ये दिवस काढलेत त्याला चांगली इमारत कशी असते हे कुठून कळणार, जाहिरातीतूनच ना? आणि आपण त्याला विचारलं, त्याने उत्तर दिलं, ते आपण बाजूला ठेवलं आणि वर म्हणायला मोकळे झालो की विद्यार्थ्यांची मतं घेतली. मला हे असं करायचं नव्हतं.

जिन्यातल्या त्या मुलीशी बोलून मी वर्गात गेले आणि फळ्यावर एवढंच लिहिलं, कालचा दिवस लिहून द्या. काल घरातून किती वाजता निघालात, इथे किती वाजता पोचलात, कुठे बसलात, कुठे उभे राहिलात, पाणी कुठे भरलं, मोबाईल कुठे चार्ज केला, कुठे बरं वाटलं, कुठे नको वाटलं. तासातासाने लिहा. इमारतीबद्दल एक शब्द लिहू नका, नाव लिहायचं नसेल तर नका लिहू.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे मिळून ५७ कागद आले. ते घेऊन मी घरी बसले, आमच्याकडे त्या दिवशी पाणी यायचं होतं, मोटर लावून हंडे, टाक्या भरत भरत मी ते कागद वाचत होते आणि पहिलाच कागद असा निघाला, “काल पाण्याचा दिवस होता म्हणून मी दोन तास बुडवले.” सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. उजनी इथून शंभरेक किलोमीटर, धरण भरलेलं असलं तरी आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी, आणि त्या दिवशी घरात कोणीतरी थांबायला लागतं, ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा शिकणारी मुलगी. हजेरी लावताना मी तिला कितीदा बोलले असेन.

एसटीने येणाऱ्यांचे कागद वेगळेच. मंगळवेढा, माढा, सांगोला, अक्कलकोटकडची मुलं. पहिली गाडी पकडली तर आठ-सव्वाआठला इथं, नंतरची पकडली तर पहिला तास बुडतो, म्हणून सगळे पहिल्या गाडीने येतात आणि तास सुरू होतो ११ला. मधले अडीच-तीन तास हे लोक कुठे असतात, हा प्रश्न मला २२ वर्षांत पडला नव्हता. कागदात उत्तर होतं. “वर्गाला कुलूप होतं म्हणून लिंबाखाली बसलो.” “लिंबाखाली.” “लिंबाखाली, ऊन आलं मग पलीकडच्या बाजूला.” मी मोजलं, २६ कागदांत ते कडुलिंबाचं झाड होतं. आणि बांधकाम विभागाकडून आलेल्या जागेच्या नकाशात तिथं एक छोटा गोल होता, शेजारी ‘काढणे’ असं लिहिलेलं.

त्या एका शब्दापुढे मी बराच वेळ बसून होते. मी नकाशे शिकवते. नकाशात काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे काढणारा ठरवतो हे दरवर्षी पहिल्या आठवड्यात पोरांना सांगते, आणि इथे आमच्याच अंगणातलं झाड असं गाळलं जाणार होतं, कोणाच्या वाईट हेतूने नाही, तर त्या झाडाखाली रोज सकाळी तीन तास कोणीतरी बसतं हे नकाशा काढणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून.

एक कागद शहराच्या पूर्व भागातल्या मुलाचा. घरात यंत्रमाग. वडील आणि भाऊ पाळीपाळीने चालवतात, रात्री अकरापर्यंत खटक-खटक सुरू. तो लिहितो, लायब्ररी पाचला बंद होते तेव्हा सगळ्यात वाईट वाटतं. आणखी एकीची आई विड्या वळते, घर एकच खोली, उजेड दारातच चांगला येतो म्हणून आई दारात सूप घेऊन बसते आणि ही आतल्या अंधारात पुस्तक घेऊन. तिने शेवटी लिहिलं होतं की विभागात उशिरापर्यंत बसायला मिळालं तर बरं पण शिपाई मामांना पण घरी जायचं असतं ना. हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. या मुलीला अभ्यासाला जागा नाही आणि तिला काळजी मामांच्या घरी जायच्या वेळेची.

नंतर वर्गात यावर बोलणं झालं, तेव्हा त्या यंत्रमागवाल्या मुलानेच मार्ग काढला. म्हणाला मॅडम, वाचायच्या खोलीला बाहेरून वेगळं दार ठेवा की. बाकी इमारतीला पाचला कुलूप लागू दे, त्या खोलीची चावी आमच्यातल्या दोघांकडे, टॉयलेट पण त्याच बाजूला घ्या. एवढी साधी गोष्ट. पण ही नकाशा पक्का व्हायच्या आधी सांगितली तर एका दाराचा खर्च, आणि नंतर सांगितली तर भिंत फोडा, लोखंडी ग्रील लावा, परवानगी घ्या, आणि शेवटी राहू दे. विचारायची वेळ चुकली की विचारण्याला काही अर्थ उरत नाही हे मला त्या दिवशी नीट कळलं. प्लॅन मंजूर झाल्यावर, टेंडर निघाल्यावर मुलांना बोलावून रंग कुठला आवडतो विचारतात ना, ते मला आता बघवत नाही.

वर्गातल्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खटकत होती, मुली बोलत नव्हत्या. कागदावर चार चार ओळी लिहिलेल्या मुली वर्गात गप्प, आणि मुलांचं एकच चाललेलं, बाहेर मोठा कट्टा पाहिजे, गोल कट्टा, सगळ्यांना बसता येईल असा. मग मी आणि आमच्या सफाईच्या मावशी असं दोघींनी मुलींना वेगळं घेऊन बसलो. (मावशींना बोलवा हे मुलींनीच सुचवलं, त्या इमारतीबद्दल आम्हा कोणापेक्षाही जास्त त्यांना माहिती.) दार लावलं तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. मुली दिवसभर पाणी कमी पितात. का, तर टॉयलेट मुख्य पॅसेजच्या टोकाला, दारासमोरच मुलं उभी असतात, आत जाताना-येताना सगळ्यांच्या नजरेतून जावं लागतं. आत हुक नाही, बॅग ठेवायला कोनाडा नाही, डस्टबिन नाही. मावशी म्हणाल्या, मला बादली भरायला खालून वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर एक नळ द्या आणि झाडू-बादली ठेवायला हाताएवढी का होईना खोली द्या, आणि फरशीला जरा उतार द्या ओ, पाणी तिथंच थांबतंय, मी किती पुसू. मी हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. कट्ट्याबद्दल मुलींचं म्हणणं असं निघालं की कट्टा असू दे पण तो दारात नको, आत जायला कट्ट्यासमोरून जावं लागलं तर आम्ही मागच्या दाराने जाऊ.

आर्किटेक्ट तरुण माणूस, सोलापूरचाच, शिकून आलेला, हुशार. त्याने पहिल्यांदा दाखवलेलं चित्र दिसायला फार छान होतं. रस्त्याकडून बघितलं की पूर्ण काचेचा दर्शनी भाग, निळसर. आणि रस्ता पश्चिमेला. मी काही बोलायच्या आधी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली सर, एप्रिलमध्ये तीन वाजता त्या काचेमागच्या वर्गात तुम्ही लेक्चर घ्याल का? तिने उद्धटपणे नव्हतं विचारलं, खरंच विचारलं होतं. सोलापूरचा उन्हाळा, मे महिन्यात ४२-४३ सहज, काही वर्षी त्याच्याही वर, आणि सगळ्यात जास्त ताप दुपारी तीनच्या आसपास, तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरकं थेट आत. वर लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एसीच्या भरवशावर काच लावायची आणि एसीचं बिल कोणी भरायचं यावर पुढे दोन वर्षं फाईल फिरवायची, हे मी दुसरीकडे बघितलंय.

मग आमच्या पोरांनी भूगोल कामाला लावला. सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच खाली, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतो तो, आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीला तो परत डोक्यावर येईपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेची खिडकी कायम सावलीत हे पाठ केलेलं वाक्य सोलापूरला तसंच्या तसं लागू होत नाही. पण सूर्य तेव्हा इतका उंच असतो की दीड-दोन फुटाचा छज्जा टाकला तरी उत्तर-दक्षिणेच्या खिडक्या दुपारी सावलीत राहतात. पश्चिमेचं ऊन मात्र सूर्य खाली कलल्यावर आडवं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. काठ्या रोवून, सावल्या मोजून, कागदावर कोन काढून पोरांनी हे आर्किटेक्टला दाखवलं. त्याला हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही, त्याने शिकलेलंच होतं, पण त्याच्याकडे कोणी हे मागितलं नव्हतं. त्याच्याकडे मागितलं होतं ‘भव्य दर्शनी भाग’. तो मला नंतर म्हणाला, मॅडम, माझ्या आजीचं बार्शीला माळवदाचं घर होतं, दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, वर पांढरी माती, उन्हाळ्यात दुपारी सोप्यात झोपलं की पंखा लागायचा नाही. मी म्हटलं मग ते घर कुठे गेलं तुमच्या चित्रातून? तो गप्प बसला, मग म्हणाला, मला आठ दिवस द्या.

पश्चिमेला मग जिना, टॉयलेट आणि स्टोअर गेलं, म्हणजे तापणारी भिंत कोणाच्या डोक्यावर नाही. वर्ग उत्तर-दक्षिण हवा खेळेल असे. आणि उत्तरेच्या अंगाला लिंबाकडे तोंड करून लांब ओसरी, शहाबादी फरशीची, भिंतीलगत बसायला सलग बैठक. ‘ओसरी’ हा शब्द मुलांचाच. नकाशावर आर्किटेक्टने आधी कॉरिडॉर लिहिलेलं, सांगोल्याच्या पोराने खोडून ओसरी लिहिलं आणि ते तसंच राहिलं.

मुलांनी इमारत सांगायची ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. बेल्जियममध्ये १९६८च्या विद्यार्थी आंदोलनानंतर लुव्हेनच्या कॅथॉलिक विद्यापीठातल्या मेडिकलच्या मुलांनी त्यांच्यासाठी आखलेली वसतिगृहं नाकारली आणि आर्किटेक्ट म्हणून ल्युसिएन क्रॉल यांचं नाव स्वतः पुढे केलं. ब्रसेल्समध्ये १९७०च्या दशकात ती उभी राहिली, त्यांचे फोटो मी वर्गात दाखवले तर पोरं म्हणाली एका खिडकीसारखी दुसरी खिडकी नाही, हे आपल्या गल्लीसारखं दिसतंय. त्याच सुमाराला अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठाने असं धोरण धरलं की इमारत जे वापरणार त्यांचा गट, त्यात विद्यार्थीही, आराखड्याच्या कामात पहिल्यापासून बसेल. आपल्याकडे पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी बंगळूरच्या आयआयएममध्ये दगडी, उंच, रुंद पॅसेज केले ते याच विचाराने की शिकणं वर्गाच्या दारात संपत नाही, बाहेर पडून गप्पा मारतानाही ते चालू असतं. आमच्या आर्किटेक्टने हे सगळं कॉलेजात वाचलेलं. मला एवढंच वाटलं की हे परदेशात किंवा बंगळूरला होऊ शकतं तर सोलापूरच्या माळावर का नाही. आमची पोरं काय कमी आहेत?

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली आणि फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही तो प्लॅन जमिनीवर काढला. ही कल्पना माझी आणि मला तिचा अभिमान आहे. नकाशा कागदावर बघून कळतो असं आपण समजतो, पण इंजिनिअर सोडला तर फार कमी लोकांना कळतो, मुलांना तर नाहीच, ती माना डोलावतात. सर्व्हेचं सगळं सामान आमच्याकडे होतंच, टेप, रेंजिंग रॉड, प्रिझमॅटिक कंपास, खुंट्या, सुतळी, आणि दोन पोती फक्की. सकाळी सातला सुरू केलं. आधी उत्तर काढली, मग कोपरे, काटकोन ३-४-५च्या त्रिकोणाने, मग सुतळी ताणून फक्कीच्या रेघा. दहापर्यंत माळावर आमची अख्खी इमारत आडवी पडलेली, पांढऱ्या रेघांची, दारं सोडून. एसटीने येणारी मुलं रविवारी मुद्दाम आली होती, एकाने घरच्या हुरड्याची पिशवी आणलेली.

मग मी म्हटलं, आता कालचा दिवस करून दाखवा. या दारातून आत, तासाला, मधल्या सुट्टीत पाण्याला, सगळं. पहिल्या पाच मिनिटांत हसणं-खिदळणं, भिंतीतून जाणाऱ्याला सगळे ओरडायचे, ए भिंत आहे तिथं. मग हळूहळू पोरं खरंच वागायला लागली. ओसरी सहा फूट होती. चार मुली भिंतीलगत बैठकीच्या जागी मांडी घालून बसल्या, समोर दप्तरं ठेवली, आणि दोघं जण चालत आले तर एकाला रेघेबाहेर जावं लागलं. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. टेप धरून बैठक किती, पाय किती, दोन माणसं जायला किती असं मोजलं, नऊ फूट आले. आर्किटेक्ट उकिडवा बसून वहीत लिहीत होता. कागदावर मी त्याला तीन वेळा सांगितलं होतं ओसरी जरा रुंद हवी, तो म्हणायचा मॅडम सहा फूट खूप होतं. जमिनीवर त्याला कोणी काही सांगितलंच नाही.

आणि मग रॅम्प. आमच्यात एक मुलगा तीनचाकी सायकलवर येतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यापासून सगळ्या प्लॅनमध्ये रॅम्प असतो, आमच्याही होता, मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीशेजारी. तो मुलगा पूर्ण वेळ शांत होता. त्याची सायकल त्या मागच्या रेघेपाशी आली तेव्हा तो थांबला आणि एवढंच म्हणाला, मॅडम, मला समोरून यायचंय. सगळे गप्प झाले. जोतं तीन फुटांचं धरलेलं. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे तीन फूट चढायला ३६ फूट लांबी, शिवाय मध्ये टेकायला सपाट जागा. पोरांनी टेप समोरच्या दारापासून ओढायला सुरुवात केली, ती गेली थेट लिंबाच्या बुंध्यापर्यंत. मग कोणीतरी विचारलं जोतं तीन फूट कशाला? इंजिनिअर साहेब म्हणाले, दिसायला चांगलं दिसतं, आणि पाणी आत येत नाही. पाणी इथं कुठून येणार, माळ आहे, उतार बाहेरच्या बाजूला आहे, आमच्या चढउतार दाखवणाऱ्या कॉन्टूर नकाशात स्वच्छ दिसतंय. जोतं दीड फुटावर आलं, रॅम्प १८ फुटांवर आला, आणि तो समोर असा बसला की सगळ्यांनी त्यावरूनच आत जायचं, बाजूला पायऱ्या दोन-तीन, ज्याला घाई आहे त्याला. इमारत १२ फूट मागे सरकली आणि लिंब वाचला.

त्या मुलाने निघताना सायकलच्या चाकाला लागलेली फक्की झटकली नाही, तसाच घरी गेला.

सगळं मिळालं असं नाही. एसी नाही झाला. लिफ्टसाठी खड्डा आणि जागा सोडलीय, लिफ्ट पुढच्या टप्प्यात, आणि तोपर्यंत सगळे वर्ग खालच्या मजल्यावर घ्यायचे असं ठरवून घेतलंय. गच्चीवर बसायला द्या ही मागणी सुरक्षेच्या कारणाने फेटाळली. गोल कट्टा झाला पण लिंबाभोवती, दारापासून लांब. जे झालं नाही त्याची यादी मी कारणांसकट नोटीस बोर्डावर लावली, कोणी नाही म्हटलं, का म्हटलं, कधी परत विचारता येईल. सहकारी म्हणाले कशाला वाद ओढवून घेता. वाद काही झाला नाही, दोन मुलं येऊन गच्चीबद्दल भांडून गेली एवढंच, आणि त्यांचं बरोबर होतं, मी पुढच्या मीटिंगला तो विषय परत घेतला. पोरांना नकार चालतो. त्यांना चालत नाही ते विचारून झाल्यावरचं गप्प बसणं.

या सगळ्यात मला एक गोष्ट सलत राहिली. एमएची दोन वर्षं. ज्यांनी कागद लिहिले, फक्की टाकली, ती पोरं पास होऊन गेली, इमारतीचे तेव्हा खड्डेच खणले होते. त्यांच्यातल्या एकालाही त्या ओसरीत बसायला मिळालं नाही. निरोप समारंभाला मी हे बोलले, म्हटलं तुमच्याकडून घेतलं आणि तुम्हाला काही दिलं नाही, तर यंत्रमागवाला मुलगा म्हणाला असं कसं ओ मॅडम, आम्ही बसत होतो तो लिंब आमच्या आधी कोणीतरीच लावला असेल की.

मागच्या महिन्यात जिन्यातली ती मुलगी डिग्रीचं सर्टिफिकेट न्यायला आली होती. आता माढ्याकडे एका शाळेत शिकवते. काम झाल्यावर म्हणाली बघू का मॅडम आपली इमारत, आणि आम्ही दोघी साईटवर गेलो. स्लॅब पडलाय, भिंती झाल्यात, प्लास्टर बाकी. ओसरीतली बैठक अजून नुसती विटांची, ती त्यावर बसली, पाय लांब सोडले. दोन मजूर सिमेंटची पाटी घेऊन तिच्या समोरून गेले, तिला पाय घ्यावे लागले नाहीत. थोडा वेळ ती तशीच लिंबाकडे बघत बसली. मग उठून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि म्हणाली, मॅडम, इथं डबा खाल्ल्यावर हात कुठे धुवायचे?

मी मोबाईलमध्ये प्लॅन उघडला. मावशींचे नळ होते, प्रत्येक मजल्यावर, आत. टॉयलेटमध्ये बेसिन होतं. ओसरीत नळ नव्हता. ५७ कागद, तीन मीटिंगा, माळावरचा तो रविवार, आणि हात धुवायचा नळ आम्ही सगळेच विसरलो होतो, मी तर तिला खिडकीतून हात धुताना माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

तिथूनच आर्किटेक्टला फोन लावला. तो म्हणाला प्लास्टरच्या आधी सांगितलं ते बरं झालं, टॉयलेटची लाईन त्याच भिंतीमागून जातेय, फाटा काढता येईल, जागेवर खूण करून ठेवा, मी उद्या सकाळी येतो. मी आजूबाजूला खडू वगैरे काही दिसतंय का बघत होते तोपर्यंत तिने खालचा विटेचा तुकडा उचलला, भिंतीपाशी उभी राहिली, नळाखाली हात धरल्यासारखे हात पुढे केले, उंची बघितली, आणि तिथं एक ठळक लाल फुली मारली.